जनतेचा बाक

साखर पेठेतल्या त्या घराला आता तिकीट आहे.
मोठ्यांना दहा, ज्येष्ठांना पाच.
खिडकीतल्या पोराने माझ्याकडे नीट न बघताच
पाचाचं फाडलं.

चपला बाहेर काढायच्या. दुपारची वेळ,
अंगणातला फरशीचा तुकडा उड्या मारत ओलांडला.
आत शहाबादी गार. तशीच.
टाचांनी आधी ओळखलं घर,
मग मी.

पहिल्या खोलीत चष्मा, काठी, आखूड बाह्यांचा सदरा.
मंत्रिपद अकरा महिने टिकलं, त्याचे अकरा फोटो,
सगळ्यांत एक फीत आणि एक कात्री.
काळा फोन काचेच्या पेटीत, चार आकडी नंबरसकट.
तो वाजला की अख्खी ओसरी
बोलायची थांबायची.

मधल्या खोलीत माग.
पाटी सांगते : मल्लेशम इराबत्ती यांनी
वयाच्या बाराव्या वर्षी येथे पहिली चादर विणली.
धोट्याला वॉर्निश मारलंय.
आई सांगायची ते वेगळं :
माग थोरल्या भावाचा.
धाकटा शाळेत जावा म्हणून
थोरला खड्ड्यातून पाय वर काढायचाच नाही.
त्याचा फोटो शोधला.
जिन्याखाली सापडला, सहा जणांत शेवटचा,
नेमके डोळे मिटलेले.

आणि ओसरीवर बाक.
दोन्ही टोकांना लाल दोरी.
‘जनतेचा बाक. सामान्य माणूस येथे
आपली गाऱ्हाणी घेऊन बसत असे.
कृपया बसू नये.’

मी हसले, जरा मोठ्यानेच.

नऊ वर्षांची होते. सकाळी सातपासून इथेच,
पाय जमिनीला टेकत नव्हते.
आईच्या पदरात बांधलेली छाट :
हजारातल्या दोनशे बिड्या कारखानदार बाजूला टाकायचा,
खराब म्हणून मजुरी कापायचा,
आणि त्याच बंडलात बांधून विकायचा.
आतून बाई आल्या, तांब्या ठेवला, म्हणाल्या,
कूर्चो, कूर्चो, येतीलच ते.
एक वाजला तेव्हा आले.
आईच्या पदरातली एक बिडी उचलली, पेटवली,
बुडापर्यंत ओढली.
‘चांगली तर जळते की!’
सगळी ओसरी हसली. आईसुद्धा.
मग त्यांनी फोन फिरवला.

चार महिने छाट बंद.
पाचव्यात कारखानदार पक्षाचा खजिनदार झाला,
आणि आई पुन्हा दोनशे जास्तीच्या वळू लागली,
मला म्हणाली, फोन तर केला ना त्यांनी.
हे ती मरेपर्यंत म्हणायची.
तिचं खरं होतं की माझं,
अजून ठरत नाही.

रखवालदार आला. चिलका आडनाव, छातीवर बिल्ला.
माझं हसू ऐकून आला असेल, पण रागावला नाही.
इकडेतिकडे बघून दोरीचा आकडा काढला.
‘बसा दोन मिनिटं. साहेब जेवायला गेलेत.’
बसले.
पाय टेकले. टेकणारच.

‘काय गाऱ्हाणं, अम्मा?’ तो थट्टेत.

म्हटलं, आहे एक.
मागाच्या पाटीवर थोरल्या भावाचं नाव घाला.
तो गंभीर झाला. वही आणली,
सुतळीला बांधलेलं पेन.
वर शाळेच्या सहलीची अक्षरं :
छान आहे, छान आहे, खूप छान, पाणी नाही.
‘लिहा. महिनाअखेरीला समिती वाचते.
काय नाव होतं त्यांचं?’

पेन कागदावर टेकवलं.
आम्ही सगळे त्यांना पेद्दन्ना म्हणायचो.
पेठेतली पोरं, बाई, खुद्द आमदार,
मागावर सूत टाकायला येणारा माणूससुद्धा.
पेद्दन्ना, म्हणजे थोरला.
नाव कुणी घेतलेलं
मला आठवत नाही.

चिलका वाट बघत उभा.
आत कुणीतरी शाळकरी पोर
काचेवर टकटक करून
फोन वाजतो का बघत होतं.